श्रीलंकेला पहिल्यांदा जाताना: पौर्णिमेपासून पायमोज्यांपर्यंत

अनुराधपूरच्या रुवनवेलीसाय स्तूपाच्या आवारात आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. बाहेर चपला काढल्या, आत पहिलं पाऊल ठेवलं आणि आई थबकलीच. दगडी फरशी तव्यासारखी तापली होती. समोर तो पांढराशुभ्र, आभाळ भरून टाकणारा स्तूप, भोवती हत्तींची भिंत, आणि आमचं सगळं लक्ष तळपायांकडे. सावलीच्या पट्ट्यातून कशीबशी अर्धी प्रदक्षिणा झाली आणि आई म्हणाली, "चल, पुरे." ज्या जागेसाठी ती नागपूरहून निघाली होती, तिथे ती वीस मिनिटंसुद्धा थांबू शकली नाही.

त्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही पुन्हा गेलो. फरशी निवली होती. पांढऱ्या कपड्यांतली गावाकडची कुटुंबं चटया टाकून बसली होती, कोणी फुलं मांडत होतं, कोणी पणत्या लावत होतं. आई दीड तास उठली नाही. जागा तीच होती, फक्त वेळ बदलली होती.

म्हणून हा लेख विमानाच्या तिकिटापासून सुरू न करता मी इथून सुरू केला. श्रीलंकेतले स्तूप, विहार, बोधिवृक्ष ही बघून पुढे सरकायची स्थळं नाहीत. तिथे रोज पूजा होते, लोक रोज येतात. त्यांच्या वेळापत्रकाशी आपलं वेळापत्रक जुळवलं तर हा देश उघडत जातो. नाही जुळवलं तर फोटो मिळतात, तळपाय भाजतात आणि सहल संपते.

कधी जायचं

आपल्याकडे पाऊस म्हटला की जून ते सप्टेंबर. श्रीलंकेत पाऊस दोन आहेत आणि ते देश वाटून घेतात. नैऋत्येचा मोसमी पाऊस साधारण मे अखेर ते सप्टेंबर कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराच्या पश्चिम उतारांवर पडतो. त्याच काळात पूर्वेकडचा त्रिंकोमाली, अरुगम बे हा किनारा कोरडा आणि शांत असतो. ईशान्येचा पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व आणि उत्तर भागात येतो, तेव्हा दक्षिण-पश्चिमेचा समुद्र निवांत असतो. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने अनिश्चित. दुपारी गडगडाटासह कुठेही पाऊस होऊ शकतो, शिवाय बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हाच हंगाम.

आता आपल्या सुट्ट्यांशी हे जोडून बघा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जात असाल तर अनुराधपूर, पोलोन्नरुव, सिगिरिया हा उत्तर-मध्य भाग आणि त्रिंकोमालीचा किनारा घ्या. ऊन कडक असतं, पण पाऊस आडवा येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर रोजची महत्त्वाची गोष्ट सकाळी उरका आणि दुपार मोकळी ठेवा. कोणत्याही सुट्टीचं बंधन नसेल तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यात उत्तम, कारण तेव्हा जवळजवळ सगळा देश फिरता येतो.

दुसरी तपासायची गोष्ट पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला म्हणतात पोय. त्या दिवशी दारूविक्री पूर्ण बंद, मांसाची दुकानंही बहुधा बंद आणि सगळी विहारं माणसांनी फुललेली. ज्याला फक्त समुद्रकिनारा हवा आहे त्याला हा दिवस अडचणीचा वाटेल. मला विचाराल तर निदान एक पोय मुद्दाम सहलीत बसवा.

वर्षातल्या चार पोय मोठ्या. मे महिन्यातली वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. घराघरांवर कागदी कंदील, चौकाचौकांत जातककथांचे रोषणाईचे देखावे आणि रस्त्याकडेला 'दन्सल', म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीम वाटणारे मांडव. तुम्ही परदेशी आहात म्हणून बाजूला उभे राहू नका. रांगेत उभं राहायचं, दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं. जूनमधली पोसोन ही अशोकपुत्र महिंद मिहिंतलेच्या डोंगरावर आला त्याची आठवण. त्या दिवसांत अनुराधपूर-मिहिंतले परिसरात लाखोंनी लोक येतात, खोली महिनोन्‌महिने आधी राखावी लागते. जुलै-ऑगस्टमधल्या एसलला कँडीत दहा दिवस हत्तींची मिरवणूक, म्हणजे पेरहेर निघते. डिसेंबरची उंदुवप ही महिंदाची बहीण संघमित्रा हिची. बोधिवृक्षाची फांदी तिने आणली.

तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून साधारण कळतात, पण एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो आणि अधिक महिन्याच्या वर्षी नावंही पुढेमागे होतात. श्रीलंकेच्या सरकारी सुट्ट्यांची यादी पाहूनच तिकीट काढा. १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला मात्र जाऊ नका असं मी सांगेन. सगळे आपापल्या गावी जातात, दुकानं आणि खाणावळी बंद असतात, बसेस ओसंडून वाहतात.

कागदपत्रं आणि पैसे

मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास. घड्याळ बदलायची गरज नाही, दोन्ही देशांची वेळ एकच. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. भारतीयांसाठी तिचं शुल्क आणि नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचं ऐकू नका. श्रीलंकेच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा. शोधलं की वर जाहिरातींत हुबेहूब दिसणारी दलालांची पानं येतात आणि ती जास्तीचे पैसे घेतात. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता कागदावर छापून ठेवा.

तिथलं चलनही रुपयाच, पण आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन मिळतात. पहिले दोन दिवस प्रत्येक किंमत ऐकून दचकायला होतं. हजार रुपये ऐकले की मनात पावणेतीनशे-तीनशे धरायचे. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत भारतीय यूपीआय चालतं. त्यासाठी निघण्यापूर्वीच ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. शहरांतल्या दुकानांत ते उपयोगी पडतं, पण फुलवाली, चपला सांभाळणारा, रस्त्यावरचा शहाळेवाला यांच्यासाठी शंभर आणि पाचशेच्या नोटा हव्यातच. एटीएममधून पाच हजाराच्या नोटा हातात पडतात, त्या मोठ्या दुकानात मोडून घ्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सिगिरिया, पोलोन्नरुव, अनुराधपूर अशा पुरातत्त्व स्थळांवर परदेशी पर्यटकांचं तिकीट भलतंच महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना त्यात मोठी सवलत मिळते. खिडकीवर आपण होऊन सांगायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा. झेरॉक्स चालेलच असं नाही. चौघांच्या कुटुंबाचे यात एवढे पैसे वाचतात की एक दिवसाची गाडी निघते.

मार्ग कसा आखावा

श्रीलंका नकाशावर छोटी दिसते म्हणून लोक सात दिवसांत नऊ ठिकाणं कोंबतात. द्रुतगती मार्ग सोडले तर गाडी तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही. विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबोच्या उत्तरेला, निगोंबोच्या अगदी जवळ. पहिल्या रात्री कोलंबोत शिरण्यापेक्षा निगोंबोला झोपा आणि सकाळी थेट उत्तरेला निघा.

नऊ रात्री असतील तर मी असं करेन: निगोंबो एक रात्र, अनुराधपूर दोन, सिगिरिया-दंबुल्ल परिसरात दोन, कँडी दोन, मग डोंगरात नुवर एलिय किंवा एल्ल इथे एक आणि शेवटची रात्र गॉलच्या किल्ल्यात. गॉलहून द्रुतगती मार्गाने कोलंबो जवळ आहे. दिवस कमी असतील तर समुद्र सोडा. समुद्र आपल्या कोकणातही आहे, अनुराधपूर नाही.

अनुराधपूरला दोन रात्री का, तर एक संध्याकाळ आणि एक पहाट हवी म्हणून. दुपारी खोलीवर झोपा. दुसऱ्या दिवशी पहाटे बारा किलोमीटरवरच्या मिहिंतलेला जा. १,८४० पायऱ्या आहेत, पण रुंद आणि सावलीच्या. गाडी अर्ध्यावर वरच्या वाहनतळापर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनीही हे सोडू नये.

सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला द्वार उघडताक्षणी हजर राहा. बाराशेच्या आसपास पायऱ्या, वर सावली नाही आणि नऊनंतर लोखंडी जिन्यावर माणसाला माणूस लागतो. कड्यावर गांधीलमाशांची पोळी आहेत, शांत राहा असे फलक लावलेले आहेत, ते मनावर घ्या. अर्ध्या वाटेवर कपारीत रंगवलेल्या त्या प्रसिद्ध स्त्रिया भेटतात. ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं. फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा नीट उभं राहून बघा. अजिंठा पाहिलेल्या माणसाला त्या अनोळखी वाटत नाहीत. सिगिरियाची चित्रं पाचव्या शतकातली, अजिंठ्यातली बरीचशीही त्याच काळातली. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात तर राजा सिंहल हत्ती-घोडे घेऊन या बेटावर उतरतो तो प्रसंगच रंगवला आहे. जाण्यापूर्वी संभाजीनगरकडची एक फेरी झाली तर सिगिरियाचं दर्शन दुप्पट होईल, हे मी अनुभवाने सांगते.

दंबुल्लच्या पाच गुंफा त्याच दिवशी दुपारनंतर करता येतात. पोलोन्नरुवला सायकल भाड्याने मिळते. तिथल्या गल विहारात एकाच कातळात कोरलेल्या मूर्ती आहेत. पहुडलेल्या बुद्धाची लांबी चौदा मीटर, आणि डोक्याखालच्या दगडी उशीला डोक्याच्या भाराने पडलेला खळगासुद्धा शिल्पकाराने कोरला आहे. तिथे थांबा.

पन्सलमध्ये कसं वागावं

विहाराला सिंहलीत 'पन्सल' म्हणतात. मूळ शब्द पर्णशाला. स्तूपाला म्हणतात 'दागब', म्हणजे धातुगर्भ. हे शब्द कळले की आपण किती जवळच्या घरात आलो आहोत ते कळतं.

कपडे पांढरे असले तर उत्तम, नसले तर फिके. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेतच, स्त्रियांचे आणि पुरुषांचेही. दीक्षाभूमीला जाताना आपल्याकडे जो पांढरा सदरा-पायजमा किंवा पांढरी साडी नेसतात, तीच इथे शोभते. वेगळी खरेदी करू नका. दारापाशी चपला आणि टोपी दोन्ही काढायच्या. टोपीचं लोक विसरतात. उन्हाच्या वेळी जावंच लागलं तर जाड सुती पायमोजे घाला, ते चालतात. चपला सांभाळणाऱ्याला सुट्टे द्यायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी नाही, मूर्तीच्या मुद्रेची नक्कल नाही, मूर्तीला मिठी नाही. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल तिथे परदेशी पर्यटकांना शिक्षा झाली आहे, आणि २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईला विमानतळावर अटक करून, काही दिवस कोठडीत ठेवून परत पाठवण्यात आलं. आपल्याकडे अनेक तरुण मुलं प्रेमाने, श्रद्धेने बुद्धाचं चित्र गोंदवून घेतात. त्यांच्या मनात अवमान नसतो, मला ठाऊक आहे. तरीही श्रीलंकेत असाल तेवढे दिवस ते पूर्ण बाहीच्या कपड्याखाली ठेवा. बुद्धाचं चित्र छापलेले टीशर्ट आणि पिशव्याही घरीच राहू द्या. फोटो हवा असेल तर मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून, बाजूने कोणालातरी काढायला सांगा.

भिक्खूंना भेटल्यावर हात जोडून किंचित वाकायचं. हस्तांदोलन नाही. त्यांना संबोधन 'हामुदुरुवने'. स्त्रियांनी त्यांना स्पर्श करायचा नाही, वस्तू द्यायची तर समोर ठेवायची. बसमध्ये पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे बसला असाल आणि ते आले तर लगेच उठायचं. शेजारची जागा रिकामी असली तरी बाईने तिथे बसू नये.

फुलं दाराबाहेर मिळतात: कमळ, निळं 'मानेल', पांढरा चाफा. चाफ्याला 'अरलिय' म्हणतात. एक बारीक गोष्ट मी तिथल्या बायकांकडे बघून शिकले. कमळाच्या पाकळ्या त्या एकेक करून मागे दुमडतात, कळीचं फूल करतात, मग थोडं पाणी शिंपडून दगडी ओट्यावर देठ आपल्याकडे ठेवून मांडतात. फुलाचा वास घेत नाहीत. फुलवालीसमोर दोन मिनिटं उभं राहिलात तर ती हसून दाखवते.

अनुराधपूरचा श्री महाबोधी हा या सगळ्याचा गाभा. संघमित्रेने बुद्धगयेहून आणलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेपासून वाढलेलं हे झाड, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून ते ओळखलं जातं. जवळ जाता येत नाही, सोनेरी कठड्याच्या आत म्हाताऱ्या फांद्यांना टेकू दिलेले दिसतात. खाली वाळूत लोक बसलेले असतात. एखादं पान गळून पडलं की हालचाल होते; ते पान मिळणं भाग्याचं मानतात. तोडायचं मात्र नाही.

तिथे आई डोळे मिटून हळू आवाजात त्रिशरण म्हणायला लागली, जसं रोज संध्याकाळी घरी म्हणते. "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." शेजारी एक सत्तरीची बाई बसली होती. तिने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि दुसऱ्या ओळीपासून तिच्या सुरात सूर मिळवला. पाली तीच, शब्द तेच, चाल थोडी निराळी. पंचशील संपल्यावर दोघी "साधु, साधु, साधु" म्हणाल्या. त्या बाईला मराठी येत नव्हतं, आईला सिंहली येत नव्हतं. बाईने आपली चटई सरकवून आईला अर्धी जागा दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्ध परिषदेसाठी या देशात आले होते, तेव्हा त्याचं नाव सिलोन होतं. बौद्ध धर्म लोकांच्या रोजच्या जगण्यात कसा आहे हे त्यांना जवळून पाहायचं होतं. ते आजही बघता येतं, त्यासाठी कुठल्याही गावच्या पन्सलमध्ये रविवारी सकाळी डोकवा. पांढऱ्या गणवेशातली मुलं धम्माच्या शाळेत येताना दिसतात.

कँडीच्या दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरात, पूजा दिवसातून तीनदा होते: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. पूजेखेरीजच्या वेळी गेलात तर बंद दार पाहून परत याल. संध्याकाळी गर्दी फार, म्हणून पहाटेची घ्या. ढोल घुमायला लागतात, वरच्या मजल्याचं दार उघडतं आणि रांग पुढे सरकते. दात दिसत नाही, सोन्याचा 'करंडुव' दिसतो, तोही काही क्षण. शब्द ऐकून आपला करंडा आठवेल. रांगेत अर्धा-पाऊण तास आधी उभे राहा, आणि सुरक्षा तपासणी कडक असल्याने मोठी बॅग आणू नका.

तिथे किंवा गावच्या विहारात भिक्खू मनगटाला पांढरा दोरा बांधतात, 'पिरित नूल'. पिरित म्हणजे आपण परित्राणपाठ म्हणतो तेच. बांधून घ्यायला हरकत नाही, शेजारच्या दानपेटीत इच्छेनुसार टाकावं.

खाणं

तिथे 'हॉटेल' असा फलक दिसला की ती बहुधा खानावळ असते, राहायची सोय नाही. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुपारचं जेवण 'राइस अँड करी'. ताटात भात आणि भोवती चार-पाच भाज्या: परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ, 'पोलोस' म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, बीट, भोपळा, पालेभाजीचं सलाडसारखं 'मल्लुम' आणि ओल्या नारळाचं लालबुंद 'पोल सांबोल'. पुड्यात बांधून मिळतं ते सगळ्यात स्वस्त. हे दुपारी बारा ते दोनमध्ये ताजं असतं. संध्याकाळी मागाल तर उरलेलं मिळेल. रात्रीचं खाणं वेगळं: कोत्तु रोटी, आप्प, इंदिआप्प. इंदिआप्प पाहताच कोकणातल्या माणसाला शिरवाळे आठवतील. आप्प म्हणजे मध्ये जाड आणि कडेला कुरकुरीत अशी खोलगट आंबोळी.

शाकाहारी माणसांनी एक शब्द पाठ करावा: 'उंबलकड'. हा वाळवलेल्या माशाचा चुरा, आपल्या सुकटीच्या नात्यातला. पोल सांबोलमध्ये तो हमखास असतो आणि पुष्कळदा डाळीत, भाजीतही पडतो. तो चवीसाठी घातलेला म्हणून वाढणाऱ्याला पदार्थ शाकाहारीच वाटतो, फसवायचा हेतू नसतो. म्हणून नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. "उंबलकड एपा" म्हणायचं, म्हणजे उंबलकड नको. "एळवळु वितरई" म्हणजे फक्त भाज्या. बेकरीतला त्रिकोणी 'मालु पान' माशाचा असतो, मालु म्हणजे मासा.

गोडाला म्हशीचं दही, म्हणजे 'मीकिरी', आणि कितुल माडाची काकवी. मातीच्या पसरट भांड्यात लावलेलं कवडी दही आणि वरून काळसर काकवी. हे रस्त्याकडेच्या टपरीवरच खावं. कवठाचं सरबत 'दिवुल' नावाने मिळतं. केशरी शहाळं म्हणजे 'थंबिली', उन्हात त्याच्याइतकं दुसरं काही नाही. पाणी बाटलीबंद प्या.

गाडी, बस, रेल्वे

कुटुंब आणि ज्येष्ठ असतील तर चालकासह गाडी ठरवणं सोपं. चालकाचं जेवण आणि राहणं दरात धरलंय का, ते आधी लिहून घ्या. शहरात रिक्षासाठी 'पिकमी' ॲप ठेवा, भाव ठरवण्याची कटकट मिटते. बस अतिशय स्वस्त आणि वारंवार असतात, फक्त वेग आणि ब्रेक सोसावे लागतात.

कँडी ते एल्ल हा चहामळ्यांतून जाणारा सहा-सात तासांचा रेल्वेमार्ग सगळ्यांच्या यादीत असतो. राखीव तिकिटं तीस दिवस आधी खुली होतात आणि पटकन संपतात. नोव्हेंबर २०२५ अखेरच्या दित्वा चक्रीवादळाने डोंगरातल्या या मार्गाचं फार नुकसान केलं, म्हणून कोणता टप्पा चालू आहे हे आधी तपासूनच बेत करा. दारात लटकून फोटो काढू नका. बोगदा आणि खांब अचानक येतात, माणसं यात जीवाला मुकली आहेत.

बोलणं, सावधपणा, तब्येत

'आयुबोवन्' म्हणजे नमस्कार, शब्दशः दीर्घायुषी व्हा. 'स्तुती' म्हणजे आभार, 'कीयद' म्हणजे केवढ्याला. आकडे ऐका: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. अर्ध्या दिवसात येतात. उत्तरेकडे आणि चहामळ्यांच्या भागात लोक तमिळ बोलतात, तिथे 'वणक्कम' म्हणा. १९८३ ते २००९ या देशाने यादवी युद्ध सोसलं आहे. घरातलं माणूस गमावलेली कुटुंबं दोन्ही बाजूंना आहेत. त्याबद्दल कोणाला खोदून विचारू नका, कोणी स्वतः सांगितलं तर ऐका.

कोलंबोत एक गोड बोलणारा माणूस आम्हाला भेटला. "आज मंदिरात खास उत्सव आहे, शेवटचा दिवस," म्हणत त्याने रिक्षा थांबवली. उत्सव काही नव्हता, रिक्षा शेवटी रत्नांच्या दुकानासमोर उभी राहिली. हा तिथला जुना प्रकार आहे. उत्सव आहे की नाही ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. रत्नं, मसाल्याच्या बागेतली औषधी तेलं दलालाबरोबर जाऊन घेऊ नका.

मलेरिया नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये देश मलेरियामुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे, म्हणून संध्याकाळी अंगभर कपडे आणि डास पळवणारं मलम. तातडीच्या वेळी १९९० वर मोफत रुग्णवाहिका येते, ही सेवा भारताच्या मदतीने २०१६ साली सुरू झाली. पोलिसांचा क्रमांक ११९. विजेचे प्लग काही ठिकाणी आपल्यासारखे गोल पिनांचे, नव्या हॉटेलांत चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा एक जोडपिन, म्हणजे ॲडॉप्टर, घ्या.

येताना चहा, दालचिनी, कितुलचा गूळ आणा. जुन्या मूर्ती, ताडपत्रं, जुनी भांडी कोणी कितीही आग्रहाने विकत असलं तरी घेऊ नका, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नवी छोटी बुद्धमूर्ती घेतलीत तर पावती जवळ ठेवा आणि ती हातातल्या बॅगेत, कपड्यात गुंडाळून, सगळ्यात वर ठेवा. आईने आपली मांडीवर घेऊनच मुंबईपर्यंत आणली.